लूकनचे पोस्टमास्तर

डब्लिनच्या पश्चिमेला लूकन, ॲडम्सटाऊन भागात मराठी घरं बरीच आहेत. त्यांत शोधलात तर एखादे पोस्टमास्तर सापडतातच. दिवसा ते कुठल्याशा कंपनीत डेटाबेस सांभाळतात. रात्री जेवणं झाली की जिन्याखालच्या कपाटात, हूवर आणि गणपतीच्या मखराच्या मधे, जुन्या लॅपटॉपवर त्यांचं टपाल खातं उघडतं. लिनक्सवर स्वतःचा मेल सर्व्हर! गूगलचं युरोपातलं मुख्यालय याच शहरात, बॅरो स्ट्रीटवर आहे. पण 'आपली पत्रं आपल्याच घरी हवीत' हा मास्तरांचा बाणा.

सॉफ्टवेअर त्यांनी स्थळं बघावीत तसं पाहिलं. सेंडमेल बर्कलेचं, ऐंशीच्या दशकातलं, खानदानी. पण कॉन्फिगरेशनची फाईल उघडली आणि बोलणी तिथेच थांबली. क्यूमेल सुरक्षेला चोख, पण मूळ कर्त्याची शेवटची आवृत्ती १९९८ची. एक्झिम केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ साली लिहिलेलं. त्यात करता येतं बरंच, म्हणून शिकावंही लागतं तितकंच. अखेर पोस्टफिक्स पसंत पडलं. आयबीएममध्ये असताना वीत्से वेनेमा यांनी केलेलं, छोट्या छोट्या प्रोग्रॅमांत कामं वाटून घेणारं. ते पत्रांची ने-आण करतं. आलेली पत्रं फोनवर वाचायला द्यायला डव्हकॉट. 'एवढ्या वेळात आमचं लग्न ठरून झालं होतं,' असं वहिनींचं मत.

पहिल्याच रात्री मास्तरांनी पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये सगळं जगच घरचं म्हणून लिहून टाकलं. आपल्यात पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. सकाळपर्यंत कुठकुठल्या अनोळखी मंडळींनी त्यांच्या दारातून औषधांच्या जाहिराती धाडल्या होत्या.

ते निस्तरलं, पण पत्रं पोचेनात. घरगुती ब्रॉडबँडच्या पत्त्यावरून थेट आलेली मेल घ्यायचीच नाही, असा बहुतेक मोठ्या सर्व्हरांचा शिरस्ता. स्पॅमहाउसची त्यासाठी वेगळी यादीच आहे. मग जाणारी पत्रं भाड्याच्या सर्व्हरवरून जाऊ लागली. स्वराज्य, पण पोटभाडेकरू म्हणून राहिल्यासारखं. त्याच्या आयपीला उलटी नोंद करवून घेतली, पत्र खरंच आपलं हे पटावं म्हणून डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क भरले. एवढं करून पुण्याच्या मेहुण्यांना दिवाळीच्या शुभेच्छा धाडल्या आणि लगेच फोन लावला, "स्पॅममध्ये बघा हो." होत्या तिथेच. नव्या पत्त्याला पत एका दिवसात मिळत नाही, ती हळूहळू बसते, हे मास्तरांनी मेहुण्यांना समजावलं. मेहुणे म्हणाले, "दाजी, व्हॉट्सॲप करा ना."

जानेवारी २०२५ मध्ये एओविन वादळानं आयर्लंडमध्ये साडेसात लाखांहून जास्त घरादुकानांची वीज घालवली. मास्तरांच्या गल्लीतलीही गेली. वहिनींना फ्रीजरमधल्या मोदकांची काळजी, मास्तर निश्चिंत. "समोरचा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो. पोस्टफिक्स तर पाच दिवस प्रयत्न करतं. काही हरवत नाही!" वीज आली, रांगही आली. त्यात पत्र एकच होतं: 'आपला सर्व्हर बंद आहे' असं कळवणारं, मास्तरांनीच लावलेल्या पहारेकरी यंत्रणेचं.

हसू नका, माणूस खरा जाणता आहे. मुलांच्या शाळेचा, बँकेचा आणि व्हिसाचा पत्ता मात्र त्यांनी अजून जीमेलवरच ठेवला आहे, आणि त्याविषयी ते बोलत नाहीत. नवशिक्यांनी त्यांचा सल्ला जरूर घ्यावा. डेबियन, पोस्टफिक्स, डव्हकॉट. घरात नको, भाड्याच्या सर्व्हरवर, आणि तो घेण्याआधी त्याचा आयपी कुठल्या काळ्या यादीत नाही ना, पोर्ट २५ उघडं मिळतं ना, हे विचारून. बॅकअप रोज घ्या. आणि पत बसेपर्यंत त्या पत्त्यावरून नोकरीचा अर्ज मात्र पाठवू नका.