पाळीचा गणपती आणि अनिवासी भाऊ

कोकणातील गणेशोत्सवावर लिहिणाऱ्यांनी मूर्ती, माटवी, आरत्या, भजने आणि फुगड्या यांची यथास्थित दखल घेतली असली, तरी भाद्रपदात परदेशातून मूळ घरी अवतरणारा भाऊ हा घटक मात्र आजवर उपेक्षित राहिला आहे. पोटासाठी मुंबईला गेलेल्या आणि गणपतीला न चुकता गावी येणाऱ्या माणसाला कोकणात चाकरमानी म्हणतात. न्यू जर्सी, दुबई किंवा सिंगापूर येथे स्थिरावलेला भाऊ हा त्याच चाकरमान्याचा पुढचा अवतार होय. चाकरमानी मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे मुकाट्याने सोसतो, तर अनिवासी भाऊ अमेरिकेहून सुमारे पंधरा तास उडून आल्यावर तेच खड्डे सोसतो आणि शिवाय तिकडच्या रस्त्यांची माहिती गाडीच्या चालकाला पुरवतो. गोव्यातील मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागल्यापासून सावंतवाडी-कुडाळकडच्या भावांना हा महामार्ग बराचसा टाळता येतो. त्याविषयीची त्यांची मते मात्र अबाधित आहेत.

या भक्तीपुढची पहिली अडचण खगोलशास्त्रीय आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थी चांद्र पंचांगाने ठरत असल्यामुळे ती २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, म्हणजे अमेरिकेतील शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात नेमक्या त्या दिवसांत. त्यामुळे मुलाबाळांना मागे ठेवून भावाला एकट्यानेच संस्कृतिरक्षणासाठी निघावे लागते. परदेशातील मराठी मंडळांनी ही अडचण चतुर्थी जवळच्या शनिवार-रविवारी साजरी करून सोडवली आहे. सभागृह आणि गाड्या उभ्या करण्याची जागा त्याच दिवशी मिळते, तेव्हा त्या व्यवस्थेत गैर काही नाही. विस्मयाची बाब एवढीच की, तिकडे देवाला शनिवारपर्यंत थांबवून ठेवणारा हाच भाऊ गावी आल्यावर मुहूर्तात दहा मिनिटांची ढिलाई सहन करत नाही आणि त्या सकाळी वाडीतल्या घराघरांत प्राणप्रतिष्ठा करत चिखलातून धावणाऱ्या भटजींना उशिराचे कारण विचारतो.

आता ‘पाळी’ या संस्थेकडे वळणे आवश्यक आहे. घराणे मोठे असले तरी मूळ घरात गणपती एकच असतो, आणि त्याचा खर्च व खटाटोप भावांनी आळीपाळीने वाहायचा असतो, या व्यवस्थेला पाळी म्हणतात. अनिवासी भावाच्या पाळीचा खर्च क्षणार्धात बँकेच्या खात्यावर जमा होतो, त्याचा संदेशही सर्वांना मिळतो. खटाटोपाची रक्कम मात्र गावी राहणाऱ्या भावाच्या आणि वहिनींच्या खाती परस्पर वर्ग होते. मूर्तिकाराच्या कार्यशाळेला, म्हणजे गणपतीच्या शाळेला, पाट आधीच नेऊन द्यावा लागतो. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीला सिंधुदुर्गात माटवी आणि गोव्यात माटोळी म्हणतात. तिला बांधायची कवंडळे, तवसी, सुपारीची शिपटी, रानफुले आणि आंब्याचे टाळ गोळा करण्यासाठी भर पावसात कोयता घेऊन रान तुडवावे लागते. ही माटवी बांधून झाल्यावर अनिवासी भाऊ तिच्याखाली उभा राहून पर्यावरणपूरक सजावटीचे महत्त्व दृक्‌श्राव्य माध्यमातून जगाला सांगतो आणि पुढील वर्षापासून शाडूचीच मूर्ती आणावी असे सुचवतो. समोरची मूर्ती शाडूचीच आहे, आणि आजोबांच्या काळापासून तशीच येत आहे, हे त्याला सांगण्याचा अविवेक घरातील कोणी करत नाही.

स्वयंपाकघरातील व्यवहार याहून उद्बोधक आहे. उकडीचे मोदक आईच्या हातचेच हवेत, असा आग्रह धरला जातो. आईचे हात आता थकले असल्यामुळे ते हात थोरल्या वहिनींनी पुरवायचे असतात. तांदळाच्या पिठीची वाफाळती उकड मळून मळून ज्यांची बोटे पोळण्यापलीकडे गेली आहेत, त्या वहिनींना तांदळात ग्लुटेन नसते ही आनंदवार्ता याच वेळी कळवली जाते. एकवीस मोदक घरी वळावेत आणि उरलेले गावातील बचत गटाकडून आणावेत, असा प्रस्ताव वहिनींनी मांडल्यास तो परंपरेचा ऱ्हास म्हणून फेटाळला जातो. फेटाळणाऱ्याच्या घरी वर्षभर गोठवलेले मोदक पाकिटातून निघत असले, तरी ती परदेशातील अपरिहार्यता असते. परंपरा शुद्ध राखण्यासाठी गाव आहेच. याउलट गौरीचा दाखला पाहावा. तिचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठेवर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते. तीही दूरची माहेरवाशीण असते, पण तीन दिवसांत इंटरनेटच्या वेगाविषयी तिने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

तथापि निवासी पक्षही निष्पाप आहे, असे समजण्याचे कारण नाही. पाहुण्याच्या आगमनापूर्वी पुढच्या पडवीला रंग लागतो आणि मागची पडवी तशीच ठेवली जाते, कारण गळणारे छप्पर दाखवल्याशिवाय कौलांच्या खर्चाचा विषय काढता येत नाही. तो विषय आरतीनंतर, भाऊ सद्गदित असताना, काढण्याची प्रथा आहे. पुतण्या काकांच्या जुन्या फोनवर लक्ष ठेवून असतो. शेजारी अमेरिकेतील पगार रुपयांत करून पाहतात आणि अमेरिकेतील घरभाडे डॉलरमध्येच ठेवतात. अशा रीतीने एक पक्ष भावनेची आणि दुसरा पक्ष कौलांची भूक भागवून घेतो, आणि या देवाणघेवाणीला उभयपक्षी जिव्हाळा असे म्हटले जाते. तो जिव्हाळा खोटा नसतो, ही या विषयातील सर्वात गैरसोयीची बाब आहे.

उरतो प्रश्न घराच्या आणि जमिनीच्या हक्काचा. परकीय चलनविषयक नियमांनुसार अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने ती मिळू शकते. त्यामुळे सामाईक सातबाऱ्यावरचे आपले नाव तो देवाइतकेच श्रद्धेने जपतो. सातबारा म्हणजे दोन नमुन्यांचा जोड होय: गाव नमुना सात हा जमिनीवर हक्क कोणाचा ते सांगतो आणि गाव नमुना बारा हा तिच्यात कोणते पीक घेतले गेले ते सांगतो. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली असून, तीत शेतकऱ्याला प्रत्यक्ष शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र मोबाइलवर नोंदवावे लागते. महसूल खात्याने दाखवलेली ही सूक्ष्म दृष्टी कुटुंबसंस्थेला अद्याप लाभलेली नाही, कारण घरच्या गणपतीला फक्त नमुना सात असतो. नमुना बाराची तरतूद झाल्यास नारळ कोणी खवले, माटवी कोणी बांधली आणि पाहुणे झोपल्यावर पातेली कोणी घासली, हे वर्षवार नोंदवता येईल. छायाचित्रे काढण्याचा सराव अनिवासी भावाला असल्यामुळे पहिल्या वर्षीची पाहणी त्याच्याकडेच सोपवावी. मात्र नमुना बाराच्या प्रत्येक रकान्यात ज्यांचे नाव येईल, त्या थोरल्या वहिनी नमुना सातमध्ये कोठेच का सापडत नाहीत, याचा खुलासा सर्व भावांनी एकत्र बसून करावा, आणि त्यासाठी कोणत्याही मुहूर्ताची वाट पाहू नये.