रथ, मोगरी आणि थोडी आतषबाजी

जळगावची आतषबाजी बघायला निघालेल्या पुणेकराने धुळ्याच्या मामांकडे मुक्काम ठोकणे, ही इतिहास ठाऊक नसल्याची खूण आहे. 1906 साली इंग्रज सरकारने अखंड खानदेशाचे दोन जिल्हे केले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. त्याआधी सगळ्या खानदेशाचा कारभार धुळ्यातून चालायचा. मामा जन्मले ते या वाटणीनंतर निदान अर्ध्या शतकाने, पण वाटणी जणू काल झाली आणि तीही आपल्याला न विचारता, असा त्यांचा सूर असतो. भाच्याने कार्तिकी एकादशीच्या रथाचे नाव काढताच त्यांनी चष्मा काढला.

"तठे काय शे दखाले? आमना धुयामा बालाजीना रथ निंघस, दसराना दुसरा दिन. तवय काबर नही उना?"

आणि दुसऱ्या दिवशी भाच्याच्या आधी मामाच बसस्टँडवर हजर.

धुळ्याहून जळगाव सुमारे 90 किलोमीटर. वाटेत पारोळा आणि एरंडोल. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला मामांच्या हाती अजून शाबूत असल्याने बसायला मिळाले. पारोळ्याला किल्ला दिसला, तेव्हा मामांनी झाशीच्या नेवाळकरांचा पारोळ्याशी असलेला संबंध सांगितला आणि इथलाही बालाजीचा रथ मोठा असतो, हे जाता जाता बजावले. एकूण सूर असा, की जळगाव सोडून खानदेशात सगळे काही आहे.

भाच्याला भूक लागली होती आणि डोक्यात भरीत होते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे त्याने कुठेतरी वाचलेले. शेजारच्या आजींनी त्याच्याकडे दयेने पाहिले. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारी घरे चंपाषष्ठीपर्यंत थांबतात. त्यात आज एकादशी. मग आजींच्या पिशवीतून केळ्याचे वेफर्स निघाले. जळगावच्या केळ्यालाही मानांकन आहे, तेही 2016 चेच, आणि ते उपासाला चालते.

जळगावचा हा रथोत्सव 1872 साली अप्पा महाराजांनी सुरू केला. म्हणजे 2022 मध्ये त्याला दीडशे वर्षे झाली. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून जुन्या गावात रोज संध्याकाळी वहन निघते: घोडा, हत्ती, सिंह, गरुड, मारुती अशी देवाची बदलती वाहने. एकादशीला दुपारी श्रीराम मंदिरापासून रथ निघतो आणि बाजारपेठेच्या गल्ल्या फिरून रात्री उशिरा परततो. बस रखडल्याने मामा-भाचे पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. भाचा खूश, कारण आतषबाजी अंधारातच बघायची असते.

आतषबाजीविषयी त्याच्या कल्पना जरा दरबारी होत्या. पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे, दारूकामातल्या लंकादहनाचे वर्णन ऐकवतात, आणि श्रीमंत तसाच खेळ पर्वतीच्या पायथ्याशी करवतात. तसे मैदान, तशी बैठक त्याच्या मनात होती. इथे बैठक म्हणजे एका बंद दुकानाची पायरी, आणि तीवर आधीच दोन कुटुंबे.

पहिला शॉट सुटला तो दोन इमारतींच्या मधून. लाल-हिरवी फुले वर उमलली, पण निम्मी एका गच्चीच्या टाकीआड. वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा येतो, तसा आवाज मागून यावा ही शाळेतली अपेक्षा गल्लीत फोल ठरते; उजेड, आवाज आणि राख एकदमच येतात. फटाक्याचा आवाज 4 मीटर अंतरावर 125 डेसिबलपेक्षा जास्त नसावा असा नियम आहे. त्या गर्दीत दोन माणसांमध्ये 4 मीटर सोडा, 4 बोटेही सापडत नव्हती.

पण भाच्याला खरा घोळ नंतर कळला. वर बघणारा तो एकटाच होता. सगळे गाव खाली बघत होते, चाकाकडे.

कारण हा अजस्र लाकडी रथ ओढणे सोपे, थांबवणे आणि वळवणे अवघड. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. ते काम मोगरी करते. मोगरी म्हणजे लाकडाचा पाचरीसारखा ठोकळा. मोगरीवाला फिरत्या चाकापुढे वाकतो, नेमक्या कोनात ती सारतो आणि हात मागे घेतो. एका बाजूची मोगरी लागली की रथ तिकडे कलतो, दोन्ही लागल्या की जागीच थबकतो. वीतभर चूक झाली तर पुढचे सांगायला नको. डोक्यावर लड वाजत असताना हे चालते. डोळ्यांचे पारणे वगैरे फिटायचे ते इथे. वरचे शॉट ही पार्श्वसंगीताची बाजू.

भिलपुऱ्यात रथ लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि तिथे चादर चढवली जाते. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांच्या स्नेहाची ही आठवण अजून पाळली जाते. तेवढा वेळ ढोलही दमाने घेतात.

पुढच्या वळणावर रथ एका ओट्याच्या फारच जवळ सरकला. "मोगरी! मोगरी दखा!" अशी आरोळी उठली. गर्दीतला सर्वांत मोठा आवाज धुळ्याचा होता. रथ थांबला, मामांनी घाम पुसला आणि निकाल दिला, "रथ चांगला शे. फटाका आमनाच भारी."

जाणाऱ्यांनी एवढे करावे: दुपारीच पोचावे, सुती कपडे घालावेत, पायरी लवकर धरावी, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवावी. रथ कुणासाठी घाई करत नाही.