मावशीची तळणयात्रा

माझी मावशी सांगलीत पोळी-भाजी केंद्र चालवायची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने ते सुनेच्या हवाली केलं, पण कान अजून शाबूत आहेत. कढईतल्या आवाजावरून ती बाहेरच्या खोलीतून सांगते, "आच कमी कर, वडा फुटणार." आणि वडा फुटतो. अशा बाईला युरोप दाखवायला नेलं की युरोपचं काय होतं, ते मी पाहून आलो. चर्च, पुतळे, राजवाडे तिने यजमानांना वाईट वाटू नये म्हणून पाहिले. तिचा जीव होता टपऱ्यांत.

पहिली टपरी ब्रसेल्सची. तिथे चौकाचौकांत फ्राइजचं खोकं असतं, पुढे रांग, आणि रांगेत सूटबूटवाल्यापासून दप्तरवाल्यापर्यंत सगळे कागदाच्या शंकूची वाट बघत उभे. त्या दिवशी नेमकी संकष्टी. उपासाला बटाटा चालतो, मीठ चालतं, म्हणजे नुसत्या मिठातल्या फ्राइज ही साक्षात गणपतीनेच केलेली सोय, असा मावशीचा हिशेब. (चंद्रोदय ब्रसेल्सचा धरायचा की सांगलीचा, याचा निकाल तिने विमानातच लावला होता. सांगलीचा. तो काही तास आधी होतो.) तरी मी काउंटरमागच्या दाढीवाल्याला विचारलं, तळण कशातलं? त्याने छाती फुगवून सांगितलं, "ब्लाँ द बफ!" गोवंशाची चरबी. खऱ्या बेल्जियन माणसाला दुसरं काही चालत नाही.

"चालणार नाही," मी मावशीला म्हटलं.

"का? वनस्पती आहे?"

"वनस्पती खाणारा आहे."

दुसरी कोणी असती तर पदर नाकाला लावून निघून गेली असती. मावशी जागची हलली नाही. खायचं नसलं तरी बघायला काय हरकत आहे, असं म्हणून ती काचेला नाक लावून उभी राहिली. बोटाएवढ्या फोडी आधी बेताच्या आचेवर, दीडशे-एकशे साठ अंशांना तळायच्या. आतून शिजल्या पाहिजेत, रंग येता कामा नये. मग बाहेर काढून निवत ठेवायच्या, म्हणजे वाफ जाते. गिऱ्हाईक आलं की दुसरं तळण, आता १८० अंशांच्या घरात, तेव्हा कुठे वरचा कुरकुरीतपणा येतो. दाढीवाल्याने जाळी वर घेतली, कडेवर दोनदा आपटली, फोडी स्टीलच्या परातीत ओतल्या, मीठ भुरभुरलं आणि मनगटाला असा झटका दिला की सगळ्या फोडी हवेत गेल्या आणि एकही बाहेर न सांडता परत आल्या.

"मनगट बघ," मावशी म्हणाली. "हा चिवडा चांगला करेल."

दोनदा तळण्याबद्दल मात्र तिला वाईट वाटलं. बेल्जियनांबद्दल नव्हे, आपल्याबद्दल. आपल्याकडे भजीवाला अर्धकच्ची भजी काढून ठेवतो आणि ऐनवेळी पुन्हा तेलात सोडतो, तर लोक शिळी-शिळी म्हणून नाकं मुरडतात. इथे त्याच गोष्टीचा सरकारदरबारी वारसा म्हणून मान झाला आहे.

बेल्जियन माणूस फ्राइजबद्दल बोलायला लागला की इतिहासही तळून काढतो. म्यूज नदी हिवाळ्यात गोठली, मासळी मिळेना, म्हणून लोकांनी बटाटेच माशाच्या आकारात कापून तळले, ही त्यांची लाडकी कथा. साल सांगतात १६८०. अडचण एवढीच की बटाटा त्या भागात पोहोचला १७३५च्या सुमारास. म्हणजे बटाटा यायच्या पन्नासेक वर्षं आधीच तो तळून झाला होता. फ्रेंच लोक म्हणतात, छे, हे सगळं आमच्या पॅरिसच्या पुलावर सुरू झालं. त्या वादात पाहुण्याने पडू नये, निमूट खावं. २०१६च्या फेब्रुवारीत ब्रसेल्सला युरोपियन युनियनची शिखर परिषद भरली होती. ब्रिटनला युनियनमध्ये कसं टिकवायचं, यावर खल चालू होता. त्यातून उठून जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल जवळच्या जुर्दां चौकातल्या 'मेझाँ अँतुआन'मध्ये फ्राइज घ्यायला गेल्या. त्या खलातून पदरी पडल्या त्या फ्राइजच. ब्रिटन गेलंच.

दुसऱ्या दिवशी वनस्पती तेलात तळणारं एक खोकं सापडलं. आता प्रश्न सॉसचा. भिंतीवर पाटी लांबलचक: मेयोनीज, आंदालूज, समुराई, टार्टार, अमेरिकेन. मी एकेक विचारत गेलो तर जवळपास सगळ्यांच्या मुळाशी मेयोनीजच निघालं, म्हणजे अंडं. मावशीने शांतपणे पर्समधून डबी काढली आणि फ्राइजवर शेंगदाण्याची चटणी भुरभुरवली. शेजारचा म्हातारा आपला शंकू खाली करून बघतच राहिला. त्याच्या स्वतःच्या हातात लालभडक समुराई होतं. समुराईचा आणि बेल्जियमचा संबंध काय, हे त्याला विचारायची सोय नव्हती. यादीत असलेलं काहीही चालतं. यादीबाहेरचं तोंडात गेलं की देश बुडतो. हा नियम आम्हाला पुढे सगळीकडे भेटला.

हॉलंडमध्ये मावशीच्या डबीचा विजय झाला. तिथे फ्राइजवर चक्क शेंगदाण्याचा सॉस मिळतो. इंडोनेशियावर तीनेकशे वर्षं राज्य केल्यावर साते नावाच्या कबाबाबरोबरचा हा सॉस डचांच्या घरी आला आणि बटाट्यावर जाऊन बसला. त्यात मेयोनीज आणि कच्चा कांदा घातला की त्या पदार्थाचं नाव 'युद्ध'. रणभूमी जशी दिसते तसाच तो दिसतो. मावशीने युद्ध टाळून नुसता शेंगदाणा घेतला, डोळे मिटून चाखला आणि म्हणाली, "गूळ जास्त झालाय. पण लोक वाईट नाहीत."

बेल्जियम आणि हॉलंड दोघांच्याही कढईत बरीच वर्षं गाजलेला बटाटा म्हणजे बिंत्ये. डच शाळामास्तर कोर्नेलिस डी व्हरीस यांनी तो १९०५च्या सुमारास तयार केला आणि त्याला आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीचं नाव दिलं. मावशीला हे भारी आवडलं. "आमच्या मास्तरांनी आम्हाला बटाटे म्हटलं," ती म्हणाली, "ह्यांनी बटाट्यांना मुलींची नावं दिली. शिक्षण-शिक्षण म्हणतात ते हे."

रॉटरडॅमला मी एकट्याने 'कपसलॉन' खाल्लं. फ्राइज, वर शवर्मा, वर वितळलेलं चीज, वर कोशिंबीर. २००३ साली तिथल्या एका केशकर्तनकाराने शेजारच्या शवर्मावाल्याला आपल्या आवडीचं सगळं एकाच डब्यात भरायला सांगितलं, त्यातून हे जन्मलं. यावर जास्त बोलत नाही. मावशी हे वाचणार आहे.

मग इंग्लंड. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, लीड्सला डॉक्टर आहे. तो इतकी वर्षं तिथे राहून पक्का यॉर्कशायरी झाला आहे, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. इथल्या चिप्स जाड, मऊ आणि काहीशा ओशाळलेल्या. कुरकुरीतपणाचा हट्ट नाही. वर मीठ आणि बदाबदा व्हिनेगर. कित्येक दुकानांत ते व्हिनेगरही नसतं. पाण्यात ॲसेटिक ॲसिड आणि रंगाला कॅरमेल. कायद्याने त्याला व्हिनेगर म्हणता येत नाही. लोक म्हणतात आणि ओततात. दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मटण सगळ्याला रेशन लागलं. मासा आणि चिप्सना सरकारने हात लावला नाही. लावला असता तर काय झालं असतं, हे दादाचा चेहरा बघून कळत होतं.

"लंडनला चिप्सवर ग्रेव्ही मागितली तर तोंडाकडे बघतात," तो म्हणाला. सांगलीच्या मुलाने हे म्हणावं!

"आई, इथेही विचारूनच घ्यायचं हं. यॉर्कशायरला बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात." त्याने माहितीतलं, तेलात तळणारं, चिप्सची कढई वेगळी ठेवणारं दुकान शोधून ठेवलं होतं. तिथे दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे चिप बटी. पांढऱ्या पावाला लोणी, मध्ये गरम चिप्स, मिटवून खायचं. पावात बटाटा घालणं ही दादर स्टेशनबाहेरची अक्कल आहे असं समजून आपण फिरत असतो आणि इकडे ही मंडळी केव्हापासून निवांत तेच खात बसली आहेत. मावशीने एक घास खाल्ला, पाव उघडून आत पाहिलं. चटणी नव्हती. तिने डबी काढली. दादाने इकडेतिकडे पाहून डबीवर हात ठेवला. "आई, इथे नको."

दुसरी गोष्ट जास्त दुःखद. काउंटरवर एका भांड्यात तळणीतून निथळलेला सोनेरी चुरा होता. यॉर्कशायरात त्याला 'स्क्रॅप्स' म्हणतात, मागितला तर फुकट देतात. मावशीचे डोळे भरून आले. वडापावावर चुरा घालून देणारी माणसं साता समुद्रापलीकडे! तिने बोट दाखवलं, दुकानदाराने हसून चमचा भरला, आणि दादा म्हणाला, "आई, तो माशाला लावलेल्या पिठाचा आहे." चमचा परत गेला. मावशी रात्रभर फारशी बोलली नाही.

एडिंबरोला मात्र तिचा दिवस आला. तिथे चिप्सवर व्हिनेगर नाही, 'सॉल्ट अँड सॉस' मागायचं. हा सॉस म्हणजे तपकिरी ब्राउन सॉस, व्हिनेगर किंवा पाणी घालून पातळ केलेला, बाटलीतून वर शिंपडतात. मावशीने आधी पुरावा मागितला. शेजारच्या किराणा दुकानात एचपी ब्राउन सॉसची बाटली होती. तिने चष्मा लावून मागची यादी वाचली. टोमॅटो, व्हिनेगर, काकवी, खजूर, मसाले, चिंच.

"अरे, ही तर भेळेची चटणी!"

बाटलीवर ब्रिटिश पार्लमेंटचं चित्र आहे. २००७मध्ये बर्मिंगहॅमचा कारखाना बंद झाल्यापासून सॉस हॉलंडमध्ये तयार होतो. आत चिंच-खजूर. त्यातलं ब्रिटिश नेमकं काय, हे त्या चित्रातल्या मंडळींनीच ठरवावं.

दुकानात तेलाची आणि कढईची चौकशी झाली. मग मावशीने मला मागे सारून स्वतः ऑर्डर दिली, "सॉल्ट अँड सॉस!" आवाज असा की मागच्या रांगेतला एक उंच, लालसर गृहस्थ कळवळला. तो ग्लासगोचा होता. त्याने मला अदबीने सांगितलं, की बाईंना फसवलं गेलं आहे. चिप्सवर मीठ आणि व्हिनेगर, बाकी सगळा रानटीपणा.

"काय म्हणतो?" मावशीने विचारलं. मी सांगितलं.

"ह्याचं गाव किती लांब?"

"रेल्वेने तासाभराच्या आत."

"म्हणजे सांगली-कोल्हापूर." तिने आपल्या पुड्यातली सॉसमध्ये निथळणारी एक जाड चिप उचलून त्याच्यापुढे धरली. "खाऊन बघ म्हणावं, मग बोल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ती हात मागे घेणाऱ्यांतली नाही. त्याने चिप घेतली, नीट चावली, गिळली, मावशीला लवून आभार मानले आणि काउंटरकडे वळून म्हणाला, "सॉल्ट अँड व्हिनेगर. व्हिनेगर जास्त."

"कोल्हापूरचाच," मावशी म्हणाली.