बांगड्याचा निकाल

तुलना केल्याशिवाय अकलूजच्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. यात त्याचा दोष नाही. ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा यावर आमच्याकडे दर हंगामात रात्र-रात्र खल चालतो. पहिली उचल कुणाची किती, काटा कुणाचा चोख, तोड कुणाची वेळेवर, ही गणितं शाळकरी पोरंही तोंडी सोडवतात. अशा गावात वाढलेल्या माणसाला समोरचं ताट नुसतं जेवता येत नाही. मनातल्या मनात त्याच्या शेजारी आणखी एक ताट मांडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

अशी माणसं मासे खायला समुद्रावर निघाली, म्हणजे सहल कमी आणि सुनावणी जास्त होणार हे ठरलेलंच.

मूळ बेत बेटावर जायचा होता. वकिलांच्या मनात अंदमान होतं. विमानाचे दर पाहिल्यावर त्यांनीच तो अर्ज निकाली काढला आणि मालवण सुचवलं. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे, चारी बाजूंनी पाणी आहे, तेव्हा ही बेटावरचीच सहल, त्यात कायदेशीर अडचण नाही, असा निर्वाळाही दिला. भूगोलातून निवृत्त झालेल्या मास्तरांनी मान डोलावली. केळी आणि ऊस दोन्ही असलेले आमचे बागायतदार मात्र सांगोला मागे पडेपर्यंत कुरकुरत होते. "मासा खायला घाट कशाला उतरायचा? भिगवण काय ओस पडलंय का?"

भिगवणचं नाव निघालं की आमच्यातलं कुणीच विरोधात बोलत नाही. आम्ही नीरेकाठचे, समुद्र आमच्या बोलण्यातसुद्धा क्वचित येतो, पण मासा परका नाही. भीमेवर उजनीचं धरण झालं, 1980 च्या सुमाराला ते भरायला लागलं आणि इंदापूरपासून भिगवणपर्यंत पाण्याचा असा फुगवटा पसरला, की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं आणि उसाच्या मुलखात मासळीचा बाजार उभा राहिला. कटला, रोहू, मरळ, वाम आणि सगळ्यांची लाडकी चिलापी. थंडीत लोक रोहित पक्षी बघायला म्हणून भिगवणला जातात. दुर्बीण गाडीतच राहते आणि माणसं हायवेवरच्या हॉटेलात सापडतात. अख्खी चिलापी, अंगावर चिरा, त्यात भरलेलं लाल तिखट, कढईतून थेट ताटात. वर कांदा, लिंबू, ज्वारीची भाकरी. हे आमचं प्रमाण वजन. जगातला कुठलाही मासा आम्ही यावर तोलतो.

पाचव्या गड्याला आम्ही महाराज म्हणतो. गळ्यात तुळशीची माळ. तुकोबांच्या पादुकांना सराटीला नीरास्नान घालून पालखी अकलुजात येते, त्या दिवसांत हा माणूस घरच्यांनाही सापडत नाही. मासे खाणाऱ्यांच्या सहलीला तो का येतो, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. गाडी त्याची आहे आणि घाटात ती त्याच्याशिवाय कुणी चालवू नये, हे आमचं एकमत आहे.

पहिलं जेवण मालवणात धक्क्याजवळच्या एका मोठ्या हॉटेलात झालं. बाहेर रोषणाई, आत भिंतीवर काचेत लावलेले शंख, हातात जाडजूड मेनू. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी. दराच्या जागी बऱ्याच ठिकाणी नुसतं 'आजचा भाव'. वकिलांना ते दोन शब्द खटकले. संदिग्ध करार आहे, म्हणाले. बागायतदारांनी सुरमईची तुकडी बोटांत धरून वजनाचा अंदाज घेतला, मास्तरांनी तिला इकडे इसवण म्हणतात हे सांगितलं, आणि सगळ्यांनी मिळून "बरी आहे, पण..." असा निकाल दिला. त्या 'पण'पुढे कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना भिगवण दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तारकर्लीच्या रस्त्याला माडांच्या आडोशाला एक पत्र्याची शेड सापडली. दोन बाकडी, एक चूल, एक मोठा तवा आणि तव्यामागे एक काकी. वकिलांनी सुरमई मागितली. काकी मान वर न करता म्हणाल्या, "सुरमय नाय गावली आज, दादानू. बांगडो आसा, ताजो." बागायतदारांचा चेहरा पडला. बांगडा म्हणजे त्यांच्या हिशेबी जनरलचा डबा. मास्तर मात्र उठले, टोपलीपाशी जाऊन उकिडवे बसले आणि घोडेबाजारात आमच्याकडे शिंगराचे दात बघतात तसे बांगड्याचे कल्ले उचलून बघू लागले. कल्ले लालभडक होते, डोळे फुगीर आणि चकचकीत.

मग जे झालं ते मी तव्याच्या हातभर अंतरावरून पाहिलं आहे. काकींनी बांगड्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरप्या चिरा दिल्या. हळद, मीठ, मसाला आणि कोकमाचं आगळ चिरांत बोटानं दाबून भरलं. तांदळाच्या पिठात रवा मिसळला होता, त्यात मासा एकदाच लोळवला, जास्तीचं पीठ झटकलं. तेल मोजकंच. मासा तव्यावर टाकल्यावर त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. आमच्यातल्या कुणीही तोवर चार वेळा उलथवला असता. कड सोनेरी दिसू लागल्यावर उलथणं एकदाच खाली गेलं, मासा एकदाच परतला, आणि शेपटी पापडासारखी तडकली तसा तो ताटात आला. सोबत तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण आणि भात. बराच वेळ कुणीही भिगवणचं नाव काढलं नाही.

माझं मत तिथंच पक्कं झालं. मासळीचं ठिकाण जोखायचं तर सुरमईवर जोखू नये. सुरमई श्रीमंत मासा आहे. मांस घट्ट, काटा मधोमध आणि ठळक, एखादा दिवस बर्फात काढला तरी इभ्रत राखते आणि रांधणाऱ्याचे दोषही झाकते. बांगड्याच्या अंगात तेल भरपूर, त्यामुळे तो लवकर बिघडतो आणि बिघडला की लपत नाही. चांगला बांगडा वाढायचा तर त्या दिवशीचाच मासा हवा आणि तव्यापाशी जागं माणूस हवं. मेनूवर पापलेटचा फोटो कितीही मोठा असो, पहिल्यांदा बांगडा मागवावा. हा दंडक मी आमच्या मंडळात मांडला. बागायतदार म्हणाले, "हे तू स्वस्त आहे म्हणून म्हणतोयस." खर्चाची वही माझ्याकडे होती हे खरं आहे, पण त्यामुळे मुद्दा खोटा ठरत नाही.

प्रत्यक्ष बेटावर तुलनेला मासाच नव्हता. 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी ज्या किल्ल्याचा पाया घातला, तिथं होडीतून उतरल्यावर आम्हाला मिळालं ते कोकम सरबत. मग दोन ठिकाणची सरबतं घेऊन तुलना करण्यात आली, कारण रिकामं बसणं कुणाला जमत नव्हतं. खाऱ्या समुद्राच्या मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. मास्तर त्यांच्याविषयी सांगत असताना मला वाटलं, की आमच्या आधी केव्हातरी कुणीतरी तीन विहिरींचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं असणार, सोबत्यांशी वाद घातला असणार आणि मगच ही नावं पडली असणार. तेवढ्यात तटावर बागायतदारांना ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा फोन आला. आरमाराचा इतिहास आणि कोयत्यांची संख्या हे दोन्ही विषय काही काळ एकाच बुरुजावर चालले.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. होडीनं तिथंही गेलो. उथळ पाण्यात उभ्या केलेल्या टपऱ्या, पाय पाण्यात, हातात कागदी बशी. तिथला तळलेला मासा कसा होता हे खात्रीनं सांगणं अवघड आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहून खाल्लेलं काहीही उत्तमच लागतं. वकिलांनी ते पुराव्यातून वगळायला लावलं.

सगळ्यांत निःपक्षपाती निकाल शेवटी आला तो महाराजांकडून. मासा न खाणाऱ्या माणसाला मासळीच्या ठिकाणी एक हक्क आपोआप मिळतो, आत जायचा. "तवा वेगळा आहे का? डाव वेगळा आहे का?" विचारत तो प्रत्येक स्वयंपाकघरात शिरला होता. आम्ही ताटं पाहिली, त्यानं तेलं पाहिली. मोठ्या हॉटेलातली कढई कधी रिकामी झाली असेल याबद्दल त्याला शंका होती. काकींनी त्याच्यासाठी वेगळी कढई काढली, काळ्या वाटाण्यांची उसळ केली, घावणे घातले. त्याची खरी कसोटी सोलकढीची होती. हॉटेलातली रंगानं भडक आणि चवीनं पाणी. काकींची फिकट गुलाबी, पण नारळ डोळ्यांदेखत खवलेला, रस पंच्यातून पिळलेला, वर लसूण आणि कोथिंबीर. "जी बाई नारळाला फसवत नाही ती माशालाही फसवणार नाही," असं म्हणून त्यानं शेडीला पहिला नंबर दिला. त्यावर अपील झालं नाही.

अपील झालं ते परतीच्या वाटेवर फोंडा घाटात. बांगडा मान्य, पण आपल्या चिलापीचं पाणीच वेगळं, आपल्या मातीतली पिढ्यान्‌पिढ्यांची चव ती, असं बागायतदारांनी भरल्या गळ्यानं सांगितलं. आणि मास्तरांना राहवलं नाही. चिलापी मूळची आफ्रिकेतली, ते म्हणाले. भारतात ती 1952 मध्ये आणली. आणि उजनीचा फुगवटा तर आपल्या लहानपणी नव्हताच. आपली पिढीजात चव आपल्यापेक्षा वयानं लहान आहे.

गाडीत शांतता पसरली. बागायतदार खिडकीबाहेर बघू लागले, जणू घरातल्या माणसाच्या जन्मदाखल्यावर भलतंच गाव निघालं होतं. वकिलांनीच खटला वाचवला. "बारा वर्षांच्या वर उघड, विनातक्रार आणि सलग ताबा आहे. वहिवाटीनं चिलापी आपली. आफ्रिकेनं हरकत घेतलीच, तर मी उभा राहतो." मास्तर मग मिरचीवर आले. तीही पोर्तुगीजांबरोबर समुद्रातून आली, म्हणजे काकींचा मसाला तरी कुठं पिढीजात, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांना कुणी ऐकून घेतलं नाही. मिरचीला हात घालायचा नाही, यावर गाडीत एकमत होतं.

अकलुजात परतल्यावर अंदमानचा अर्ज पुन्हा दाखल झाला आहे. तिथं मोठे खेकडे मिळतात, ते मोजायला आपल्याकडे काहीतरी प्रमाण हवं, म्हणून त्याआधी भिगवणला एक सराव चक्कर टाकावी, असं बागायतदारांचं म्हणणं. वकील हप्त्याहप्त्यानं वर्गणी गोळा करा म्हणतात. महाराजांची संमती अजून आलेली नाही. विमानात गाडी चालवायला मिळणार नाही याचं त्याला फारसं वाईट वाटत नाही. तिकडे नारळ रग्गड आहेत हेही त्याला मास्तरांनी सांगितलं आहे. त्याचं अडलंय ते एवढ्यावरच, की कोकम इथून न्यायचं झालं, तर ते सामानात टाकायचं की हातातल्या पिशवीत.