निरंक

कंपन्यांनी जबाबदारीने धंदा केला का, हे सांगायच्या सेबीच्या अहवाल-नमुन्यात नऊ तत्त्वं आहेत. पाचवं मानवी हक्कांचं. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून हा नमुना भरणं सक्तीचं झालं. अनेक अहवाल उघडून पाहावेत. बालमजुरीच्या तक्रारी? निरंक. वेठबिगारी? निरंक. रामराज्यातही निदान एका धोब्याची तक्रार होती.

एमबीएच्या वर्गातही मानवी हक्कांचा हा विषय पोचलाय म्हणे. साखरेची केस दिली की पोरं बाणांची आकृती झकास काढतात: शेत, कारखाना, शीतपेय, ग्राहक. ऊस आपला आपणच तुटून गाडीत चढतो. प्रत्यक्षात तो तोडायला बीडकडून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. (दोन माणसं, एक अवजार. मनुष्यबळ मोजायचं हे एकक हार्वर्डलाही सुचलं नसतं.) मुकादमाची उचल आधीच अंगावर, त्यात एक दिवस खाडा झाला की दंड. खाडा नको म्हणून बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयंच काढली जातात, हे गाजल्यावर 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

शीतपेयवाल्यांना विचारावं, तर कोयता मुकादमाचा, मुकादम कारखान्याचा आणि कारखाना फक्त पुरवठादार. पुरवठादारांची तपासणी किती केली, हा प्रश्न त्याच नमुन्यात आहे. पण 'नेतृत्व' या सदराखाली, म्हणजे ऐच्छिक. ज्याला पुढारपणाची हौस असेल त्याने भरावा. आपल्याकडे पुढाऱ्यांचा कुठे तुटवडा आहे? बरेचसे कारखाने त्यांचेच तर आहेत.