तीन राज्यांचे मास्तर

उदगीरच्या हायस्कुलातला जुना मास्तर जागचा न हलता तीन राज्यांत नोकरी करून निवृत्त झाला. नेमणूक निजामाच्या हैदराबाद संस्थानात, जिल्हा बीदर. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी उठला तो मुंबई राज्यात, जिल्हा उस्मानाबाद. १ मे १९६० ला उठला तो महाराष्ट्रात. (लातूर जिल्हा १९८२ साली झाला, तोवर तो पेन्शनीत होता आणि कागद तिसऱ्यांदा बदलून घ्यायला कचेरीत हेलपाटे घालत होता.) खुर्ची तीच, खुर्चीचा मोडका पाय तोच आणि पायाखालची वीटही तीच. बदली कधी झाली नाही. झाली असती तरी त्यानं ती रद्द करून आणली असती, कारण गावाशेजारी त्याचं पाच एकर रान होतं आणि तूर काढायला आलेली असायची.

एका माणसाच्या नोकरीत किती गोष्टी बदलाव्यात? शुक्रवारची सुट्टी रविवारवर गेली. फसली सन जाऊन इसवी आला. सात हाली रुपयांचे सहा कलदार व्हायचे तो निजामाचा हाली गेला, मग आणे-पैही गेले. मदरसे फोकानियाचं हायस्कूल झालं, सदर मुदर्रिसाचा मुख्याध्यापक झाला, मोहतमीम तालीमात जाऊन इन्स्पेक्टर आले. शेरवानी उसवून शिंप्यानं तिचा बंद गळ्याचा कोट केला, उरलेल्या कापडात पोराची चड्डी निघाली. एवढ्या उलथापालथीत मास्तरांनी एक गोष्ट मात्र कधी केली नाही. ‘मला हे माहीत नाही’ असं ते कुणापुढं बोलले नाहीत. खरं तर त्या हायस्कुलाचा अभ्यासक्रम म्हणजे मास्तरांचा आत्मविश्वासच होता. पुस्तकं दर दोन वर्षांनी बदलायची, हा बदलला नाही.

गणिताच्या मास्तरांचंच बघा. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं ते उर्दू माध्यमाचं. तिथं शिकलेल्या माणसाच्या डोक्यात भूमिती उर्दूत बसलेली. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामानं पाच दिवसांत हात टेकले आणि पुढं मास्तरांना तीच भूमिती मराठीतून शिकवायचा हुकूम आला. पुण्याकडून आलेल्या पुस्तकात ‘समद्विभुज त्रिकोण’ असा शब्द. मास्तरांनी तो फळ्यावर तीनदा लिहिला, तीनदा पुसला आणि म्हणाले, “ह्या दोन बाजू सारख्या हायत, एवढं ध्यानात ठेवा, नाव परीक्षेपुरतं.” शांत असले की मराठी, घाई झाली की उर्दू, राग आला तर मराठवाड्याची दोन्ही मिळून झालेली. चौरसाला घाईत मुरब्बा म्हणून जायचे आणि दुपारच्या तासाला उपाशी पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं. वर्गात निम्म्यांच्या घरी कानडी, चार-दोघांच्या घरी तेलुगू. मास्तर उर्दूत विचार करून मराठीत सांगायचे, पोरगं ते शेजाऱ्याला कानडीत विचारायचं आणि उत्तर सगळ्या भाषांत सारखंच चुकायचं.

मास्तरांचा खरा कस लागला १ एप्रिल १९५७ ला. नवे पैसे आले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी सगळी फौज मास्तरांनी पोरांकडून पाठ करून घेतलेली, ती एका दिवसात बेकार झाली. तरी मास्तर डगमगले नाहीत. फळ्यावर लिहिलं: एका आण्याचे सहा नवे पैसे, चार आण्यांचे पंचवीस. मागच्या बाकावरचं एक पोरगं उभं राहिलं. बापाचं किराणा दुकान, त्यामुळं हिशेबाला कच्चं नव्हतं.

“सर, सहा चोक चोवीस व्हतंय. एक पैसा कुठं गेला?”

मास्तरांनी आढ्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं.

“दिल्लीला,” म्हणाले. “बस खाली.”

पोरगं बसलं. त्याला उत्तर पटलं होतं. आधी पैसा हैदराबादला जायचा, मग मुंबईला, आता दिल्लीला, एवढाच काय तो फरक.

इतिहासाच्या मास्तरांची अडचण जास्त नाजूक होती. उदगीरची लढाई १७६० च्या फेब्रुवारीतली. सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं आणि दौलताबादच्या किल्ल्यासकट साठेक लाखांचा मुलूख घेतला. भाऊंच्या तोफा चालवणारा इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्याच पदरी होता, म्हणजे बदली करून आलेला. आता ज्या सरकारचा पगार खायचा, त्याच सरकारच्या वाडवडिलांचा पराभव वर्गात सांगायचा कसा? त्या पिढीचे विद्यार्थी सांगतात, की ४८ च्या आधी मास्तर ‘इथं एक लढाई झाली’ म्हणून पान उलटायचे. कोण जिंकलं असं विचारणाऱ्याला अंगठे धरायला लागायचे. ४८ नंतर त्याच मास्तरांनी त्याच लढाईला पंधरा दिवस दिले. वर्ग किल्ल्यावर नेला, तोफा कुठं होत्या ते काठीनं दाखवलं, भाऊसाहेबांचा घोडा कुठं उभा होता तेही दाखवलं (ते कुठल्याच बखरीत सापडायचं नाही). अकरा महिन्यांनी झालेलं पानिपत मात्र शनिवारच्या शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं. विचारलं तर म्हणायचे, “तिकडची माहिती तिकडचे लोक सांगतील.”

इंग्रजीचे मास्तर हे गावचं निम्मं पोस्ट ऑफिस. तार आली की पोस्टमन ती देऊन मोकळा व्हायचा, वाचायला मात्र हायस्कुलात आणायला लागायची. अशीच एकदा देवणीकडचा एक शेतकरी तार घेऊन भर वर्गात आला. मागं पदर तोंडाला लावलेल्या तिघी बायका, त्यांतल्या एकीनं रडायला सुरुवातही केलेली. तार म्हणजे कोणतरी गेलं, हा तेव्हाचा हिशेब. मास्तरांनी रेन अँड मार्टिन मिटलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा चढवला. सगळा वर्ग न सांगता उभा राहिला. मास्तरांनी तार आधी मनात वाचली. ते चार क्षण म्हणजे त्यांच्या नोकरीतला सगळा मान. पगारापेक्षा मास्तर त्यावरच जगत असावेत, असं माझं मत आहे.

“सून कुठंय तुमची?”

“म्हायेरी. हैदराबादला.”

“पोरगा झालाय. दोघं बी खुशाल हायत.”

रडणारी बाई तरीही थांबली नाही. एकदा काढलेला सूर तिला मध्येच तोडता येईना. शेतकऱ्यानं मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं, जणू पोरगं त्यांनीच पाठवलं होतं. ती माणसं बाहेर पडेपर्यंत मास्तरांनी फळ्यावर तारेतलं वाक्य उतरवून काढलं होतं: ‘सन बॉर्न बोथ सेफ.’

“सांगा, यातलं साहाय्यक क्रियापद कुठंय?”

“पैसे वाचवायला काढलंय, सर.”

मास्तरांनी हे उत्तर बरोबर धरलं. त्यांच्या मते इंग्रज पुढं गेले ते ह्याच काटकसरीनं.

ड्रिल मास्तर आर्य समाजाच्या आखाड्यातून आलेले. उदगीरला आर्य समाजाचं बळ मोठं. भाई श्यामलाल १९३८ साली बीदरच्या तुरुंगात वारले, त्यांच्या नावाची शाळा आजही गावात आहे. निजामाच्या राज्यात आखाडा काढायलासुद्धा परवानगी लागायची, त्यामुळं ड्रिल मास्तरांच्या ‘सावधान’मध्ये आयुष्यभर सरकारवरचा राग ऐकू यायचा. सरकार बदललं तरी तो गेला नाही. ड्रॉइंगचे मास्तर वर्षभर एकच केळ्याचा घड काढून घ्यायचे, त्यांच्याविषयी याहून जास्त कुणाला आठवत नाही. मराठीचे मास्तर ‘पाणी’तला ‘ण’ काढून दाखवताना वर्गभर फिरायचे. घसा सुकला की दारात येऊन चपराशाला ओरडून सांगायचे, “मामू, पानी आण रे.” ४८ नंतर पुण्याकडचे एक-दोन शिक्षकही आले होते. “काय करलालास रे?” असं पोरांनी एकमेकांना म्हटलेलं ऐकून त्यांना ही तेलुगू वाटली, आणि महिनाभर ते वर्गातल्या ‘परभाषिक’ मुलांशी हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत राहिले.

उर्दूच्या मौलवीसाहेबांविषयी लिहिताना हात जरा आवरतो. १९४८ साल मराठवाड्यात कुणालाच सोपं गेलं नाही. आधी रझाकारांनी छळलं, नंतर सुडाच्या भरात निरपराध मुसलमानही मारले गेले. त्याचा विनोद होत नाही. मौलवीसाहेब वर्गावर परतले तेव्हा चाळीस पोरांचा त्यांचा वर्ग सातांवर आला होता, आणि त्या सातांना त्यांनी चाळिसांना शिकवावं तेवढ्या मोठ्या आवाजात शिकवलं. त्यांचं कपाट हिंदीच्या पंडितजींबरोबर सामाईक. वरचा कप्पा यांचा, खालचा त्यांचा, पानाचा डबा दोघांचा. मधल्या सुट्टीत दोघांचं रोज भांडण. ज्या भाषेत ते भांडायचे तिला हिंदी म्हणावं की उर्दू, हाच भांडणाचा विषय. स्टाफ रूममधल्या कुणालाही दोघांच्या वाक्यांत फरक सापडला नाही. पंडितजी आजारी पडले तेव्हा त्यांचे तास मौलवीसाहेबांनी घेतले आणि फळ्यावरच्या लिपीखेरीज पोरांना काही वेगळं जाणवलं नाही.

आणि हेडमास्तर. मराठवाड्यात हेडमास्तर हे पद तहसीलदारापेक्षा मोठं, त्याला कारण आहे. निजामाविरुद्धचा लढा ज्यांनी चालवला ते स्वामी रामानंद तीर्थ आधी अंबाजोगाईला हेडमास्तरच होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला शेवटी एका हेडमास्तरनं हैराण केलं, हे इथला प्रत्येक हेडमास्तर जाणून होता आणि त्या हिशेबानं चालायचा. आमचे हेडमास्तर १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियातून बाहेर पडून नागपूरची पदवी घेऊन आलेले, असं गाव म्हणायचं. ती पदवी कुणी पाहिली नाही, पण मराठवाड्यात पदवी आणि विद्वत्ता यांचा संबंध तसा सैलच. नांदेडला प्रतिभा निकेतन शाळेत नरहर कुरुंदकर मास्तर होते, ते इंटरला पुन्हा पुन्हा नापास झालेले. आणि महाराष्ट्रातले प्राध्यापक त्यांची व्याख्यानं ऐकायला खाली सतरंजीवर बसायचे.

हेडमास्तरांच्या टेबलावर निरगुडीचा फोक. “चामडी तुमची, हाडं आमची” असं सांगून बाप पोराला सोडून जायचा आणि हेडमास्तर करार शब्दशः पाळायचे. पण त्याच टेबलाच्या खणात एक वही होती, ती गावातल्या फार थोड्यांनी पाहिली. खेड्यावरून आलेल्या गरीब पोरांचे जेवणाचे वार तिच्यात मांडलेले. सोमवार वकिलांकडं, मंगळवार अडत्याकडं, बुधवार मौलवीसाहेबांच्या शेजारच्या जंगमांकडं. कुणाच्या घरी भाकरीवर तूप पडतं आणि कुणाच्या घरी बाई तोंड वाकडं करते, याच्या खुणा पेन्सिलीनं. अशक्त पोरगं तुपाच्या घरी, दांडगं पोरगं तोंड वाकडं करणाऱ्या बाईकडं. ज्या पोराचा ज्या दिवशी वार लागत नसे, त्या चौकटीत ‘घरी’ असं लिहिलेलं. ते घर हेडमास्तरांचं. अशा चौकटी पुष्कळ होत्या, आणि घरच्या बाईंना विचारून त्या भरल्या जात होत्या असं वाटत नाही.

या सगळ्यांच्या वर मामू. मामू म्हणजे चपराशी. रुळाचा एक तुकडा लिंबाला टांगलेला, त्यावर मामूनं हातोडी मारली की तास. शाळेत घड्याळ होतं, पण ते मामूच्या घंटेवरून लावलं जायचं. ड्रिल मास्तरांशी बिनसलं की ड्रिलचा तास उन्हात वीस मिनिटं लांबायचा.

पण उदगीरवर आजही ज्याची सत्ता चालते तो माणूस वेगळा: शाळेचा कारकून. पोर दाखल करायला आई आली की तो दाखल-खारीज रजिस्टर उघडून विचारायचा, “जन्मतारीख?” आई सांगायची, “पोलीस ॲक्शनच्या आधी, पोळ्याच्या दिशी.” वास्तविक याहून पक्की तारीख कुठली? पंचांग उघडलं असतं तर १९४८ च्या सप्टेंबरातली ३ तारीख हातात आली असती. पण कारकुनानं निम्मं आयुष्य फसलीत ५९० मिळवून इसवी काढण्यात घालवलेलं, त्याला आता नवी बेरीज नको होती. त्यानं पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. कान हाताला आला. कारकुनानं दौतीत टाक बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: १ जून. पुढचं पोरगं, १ जून. त्याच्या मागचं, सख्ख्या भावापेक्षा लहान, तरी १ जून. ब्रह्मदेवाचं लिहिलेलं बदलतं असं सांगणारे ज्योतिषी उदगीरला बरेच आहेत. ह्या कारकुनाचं लिहिलेलं निवृत्तीपर्यंत कुणाला बदलता आलं नाही.

२०२२ साली ९५ वं मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरलं, तेव्हा मांडवात पुढच्या रांगांत बसलेल्या पांढऱ्या टोप्यांत ह्या मास्तरांचे पुष्कळ विद्यार्थी होते. आता त्यांचे सहस्रचंद्रदर्शनाचे सोहळे चालू आहेत, आणि ते सगळे एकाच तारखेला येतात. तेव्हा १ जूनला उदगीरला मंगल कार्यालय हवं असेल, तर नाव आतापासूनच नोंदवून ठेवा.