खरखर कशी आहे?

पेणच्या आमच्या घरी इंटरनेट मंदावलं की देवाच्या आधी रोह्याच्या भाऊमामांचं नाव निघतं. असे मामा घरटी एक असतातच. आमच्या वाट्याला आलेला नग जरा जास्त पक्का निघाला, इतकंच. धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात सगळी नोकरी काढल्यामुळे जगातला प्रत्येक बिघाड एकतर प्रेशरचा, नाहीतर अर्थिंगचा, अशी त्यांची खात्री. निवृत्तीनंतर प्रेशर मामींनी हातात घेतलं. मामांकडे अर्थिंग राहिलं, आणि नातेवाइकांचे टेलिफोन राहिले.

02143 वरून 02194 ला फोन लागला की पलीकडून "हॅलो" येत नसे.

"खरखर आहे का?"

"मामा, फोन उत्तम आहे. नेट चालत नाहीये."

"अरे, तार एकच ना! तळमजल्यावर आपण दोघं बोलतोय, 4 किलोहर्ट्झच्या खाली. तुझं नेट वरच्या मजल्यावर, 25 च्या पुढे. पण जिना एकच. खरखर कशी आहे ते सांग. मिरगुंड तळल्यासारखी, की पिठाच्या गिरणीसारखी?"

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. मिरगुंडासारखी तडतड म्हणजे कुठल्यातरी जॉइंटमध्ये पाणी शिरलंय किंवा तार सैल झालीय. गिरणीसारखी घरघर म्हणजे दोनांतली एक तार कुठेतरी जमिनीला टेकलीय. मामांचं हे निदान बहुतेक वेळा बरोबर निघे. अडचण एवढीच, की निदानाच्या पुढे त्यांचं औषध एकच होतं. "फोन ठेव. मोडेम बंद कर. एक अथर्वशीर्ष म्हण. मग चालू कर आणि मला फोन कर." कंपनीच्या पत्रकात तीस सेकंद थांबा असं छापलं होतं, पण मामांचा सेकंदांवर विश्वास नव्हता, माणसं भराभर मोजतात म्हणे. अथर्वशीर्ष आईकडे होतं. 2005 च्या पावसाळ्यात तिची इतकी आवर्तनं झाली, की कुणी सहस्रावर्तनाचा संकल्प सोडला असता तर तो मोडेमवरच पुरा झाला असता.

ब्रॉडबँड तेव्हा नवीन. सरकारच्या 2004 च्या धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलेलं, आणि आम्हालाही तेवढंच मिळालेलं. आमच्या खालच्या गाळ्यात गणपतीचा कारखाना. मालकांना मूर्तींचे फोटो परदेशातल्या गिऱ्हाइकांना पाठवायचे असत, त्यासाठी ते आमच्याकडे येऊन बसायचे. एकदा पडद्याकडे बघून म्हणाले, "256 चे पैसे भरता आणि इथं 30 दिसतंय. फसवलं तुम्हाला." मी लगेच रोह्याला फोन लावला. मामा शांतपणे म्हणाले, "त्यांना विचार, पोहे शेराने घेतात की पायलीने? बिलात शेर लिहिलाय, पडद्यावर पायली दिसतेय. फक्त ही पायली आठ शेरांची. आठाने भाग." भागाकार 32 आला. तेव्हापासून त्या कारखान्यात मामांना शास्त्रज्ञाचा मान होता. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम वाक्य तेच, आणि ते तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

थांबले नाहीत. संध्याकाळचं कनेक्शन तुटणं काही केल्या थांबेना, तेव्हा ते स्वतः पॅसेंजरने पेणला आले. पिशवीत मल्टिमीटर, टेस्टर, चिकटपट्टी आणि मामींनी दिलेला डबा. चहाही न घेता एक्स्चेंजपासून आमच्या घरापर्यंत खांब मोजत चालले. तांब्याच्या तारेतलं हे नेट अंतराने मरतं. चार-पाच किलोमीटरच्या पुढे तर नुसती धुगधुगी उरते. पण कावळ्याचं अंतर वेगळं आणि तारेचं वेगळं, हा मामांचा लाडका सिद्धांत. कावळ्याने घर एक किलोमीटरवर आलं. तारेने किती, यावर खांब संपले तरी मामांचं एकमत होईना.

मग त्यांनी भिंतीवरची डबी उघडली. "फोन खाली असला की लाइनवर 48 व्होल्ट. हात लावला तरी काही होत नाही, बघ," असं म्हणून दोन्ही तारा चिमटीत धरल्या. खरोखरच काही झालं नाही. पण घंटी वाजवायला त्याच तारेत सत्तर-पंचाहत्तर व्होल्टचा प्रवाह सोडतात, आणि नेमकी त्याच वेळी घंटी वाजली. मामा पाटावरून उडून सोफ्यावर आले. फोन मामींचा होता. पोचलात का म्हणून विचारत होत्या.

"लाइन जिवंत आहे," सोफ्यावरून मामांनी अहवाल दिला.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. तारेचा माग काढत थेट खाली कारखान्यात गेला. तिथे मालकांच्या सोयीसाठी आमच्याच लाइनवरून एक पॅरलल फोन नेलेला होता, स्प्लिटर न लावता, आणि जोडावर शाडूचा हात फिरलेला. संध्याकाळी ऑर्डरी घ्यायला तो रिसीव्हर उचलला, की वर आमचं नेट आडवं. पाच मिनिटांत काम झालं. मामांनी कपाळावर आठीही आणली नाही. "पंधरा दिवस मी दुसरं काय सांगतोय? तार एकच!"

पुढे रुग्णांना तोटा नव्हता. 2011 ला मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर रुंदीकरण सुरू झालं, तेव्हापासून कुणाचंही नेट गेलं की मामा आधी "जेसीबी कुठवर आलाय?" असं विचारू लागले. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि रोह्यात वीजही गेली, फोनही गेले. त्या दिवसांतली मामांची खरी तक्रार छपराच्या पत्र्यांची नव्हती, असं मामी सांगतात. कुणी त्यांना काही विचारू शकत नव्हतं, त्याची होती.

गेल्या वर्षी आमच्याकडे फायबर आलं. काचेचा धागा, त्यात पाणी शिरलं तरी मिरगुंड तळायला तांबंच नाही. फोनही त्याच्यावरच. पहिला अर्थातच रोह्याला लावला.

"खरखर आहे का?"

"अजिबात नाही, मामा."

"थोडीसुद्धा नाही?"

"टाचणी पडली तरी ऐकू येईल."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग काळजीचा आवाज आला, "म्हणजे लाइन मेलीय रे. ठेव फोन. मोडेम बंद कर."

आईने आतून अथर्वशीर्षाला सुरुवातही केली होती.